शिक्षेला स्थगिती मिळालेल्या आमच्या पक्षकारांसाठी

(ज्यांचे वकीलपत्र आमच्याकडे आहे त्यांनाच हा कागद दिला जातो. वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि आम्हाला ती करायचीही नाही.)

सांगलीत विजयनगरच्या कोर्टाच्या पायऱ्या उतरताना पक्षकार हमखास विचारतात, "साहेब, म्हणजे सुटलो न्हवं?" वर्षभराने घरी वॉरंट आलं की त्यांचाच फोन येतो, "एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी? घटनेत तसं चालत नाही म्हणे."

घटनेत ते आहे. कलम २०(२) नुसार एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवून शिक्षा देता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ मध्येही तेच, पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०० होतं. पण तुमच्या बाबतीत दुसरी शिक्षा झालेलीच नसते. खालच्या कोर्टाने सुनावलेली शिक्षा होती तिथेच आहे, अपिलाचा निकाल लागेपर्यंत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० खाली फक्त तिची अंमलबजावणी थांबवलेली असते. स्थगिती उठली की जुनीच शिक्षा चालू होते. शिवाय बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरत नाहीत. "दीड वर्ष तारखा केल्या, त्या वजा होतील ना?" याचं उत्तर नाही. वजा होतात ते फक्त आधी प्रत्यक्ष तुरुंगात काढलेले दिवस.

आता ज्या चुकीपायी आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती. आमच्याकडे निम्म्याहून अधिक प्रकरणं चेक बाऊन्सची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेक, हुंडीच्या कायद्याच्या) कलम १३८ ची. त्यात अपील कोर्ट त्याच कायद्याच्या कलम १४८ खाली रक्कम भरायला सांगतं. एका द्राक्ष बागायतदाराचं उदाहरण सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. चेक पाच लाखांचा, खालच्या कोर्टाने सहा महिने कैद आणि सात लाख नुकसानभरपाई ठोठावली. अपिलात हुकूम झाला, भरपाईच्या २० टक्के ६० दिवसांत कोर्टात भरा. यांनी हिशोब केला चेकवर, म्हणजे एक लाख. भरायला हवे होते एक लाख चाळीस हजार. आणि ते एक लाखही कोर्टात न भरता अडत्याच्या दुकानात बसून फिर्यादीच्या हातात दिले. कागद नाही, पावती नाही. हुकुमाची नक्कल घरी देव्हाऱ्याखालच्या खणात, घडीसुद्धा उलगडलेली नाही. फिर्यादीने पैसे मिळालेच नाहीत असं सांगितलं, स्थगिती रद्द झाली आणि ऐन ऑक्टोबर छाटणीत पोलीस बागेत आले.

अट मोडली तर स्थगिती काढून घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालीच सांगितलं आहे. रक्कम खरोखरच झेपत नसेल तर सवलत मागता येते. २० टक्क्यांची अट अपवादात्मक प्रकरणात शिथिल होऊ शकते, हा त्याच न्यायालयाचा २०२३ चा निकाल. मुदतही सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस वाढते. मात्र हे सगळं मुदत संपायच्या आत मागायचं असतं. एकसष्टाव्या दिवशी फोन केलात तर आम्ही तुमच्यासाठी धावाधाव करू, पण हात रिकामे असतील.

जामिनावर असताना तारखेला गैरहजर राहिलात तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. इथेही "दोनदा शिक्षा" म्हणून वाद घालता येत नाही, कारण गुन्हाच वेगळा.

चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटलेल्यांचं प्रकरण थोडं निराळं. १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यात कोर्टाने शिक्षा अजून सुनावलेलीच नसते. बंधपत्र मोडलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा तेव्हा पहिल्यांदा सुनावली जाते. पहिलीच चूक असेल तर कोर्ट ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं. रक्कम वाचून हसू नका, दुसऱ्या वेळी ही सवलत नाही.

काही जण म्हणतात, आमचं ऑफिस फार कटकट करतं. हुकुमातल्या अटी मराठीत लिहून त्याखाली सही घेतो, मुदतीच्या पंधरा दिवस आधी आणि परत सात दिवस आधी फोन करतो. कटकट आहे खरी, पण ती ठरलेल्या फीमध्येच धरलेली आहे. स्थगिती एकदा गेली की वरच्या कोर्टात जावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. तरी तो खर्च वेगळा, आणि तोवर माणूस आत.

रक्कम कोर्टात भरलीत की मूळ पावती घेऊन ऑफिसात या. व्हॉट्सअपवरचा फोटो चालत नाही, कारण शिक्क्याचा आकडा त्यात वाचता येत नाही. पत्ता किंवा मोबाईल नंबर बदलला तर त्याच दिवशी कळवा. जामीनदाराचा बदलला तरीसुद्धा.