पंधरा फेऱ्यांचा बाजार

एक शेअर आहे. दर फेरीला तो सरासरी 24 सेंट लाभांश देतो. फेऱ्या एकूण 15, आणि शेवटची संपली की शेअर रद्दी. म्हणजे सुरुवातीला त्याचं मोल 15 गुणिले 24 सेंट, अर्थात 3.60 डॉलर. पुढे प्रत्येक फेरीला ते 24 सेंटने घटत जाणार. हा हिशेब खेळणाऱ्या प्रत्येकाला आधीच समजावून दिलेला असतो.

व्हर्नन स्मिथ, जेरी सुचानेक आणि आर्लिंग्टन विल्यम्स या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेत असे बाजार संगणकावर मांडले, लोकांना खऱ्या पैशांनी व्यवहार करायला बसवलं आणि 1988 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाव 3.60 वरून पायरीपायरीने उतरायला हवा होता. बहुतेक प्रयोगांत घडलं वेगळंच. भाव आधी मोलाच्या खाली होता, मग चढू लागला, मोल ओलांडून कितीतरी वर गेला, काही फेऱ्या तिथेच टिकला आणि शेवट जवळ येताच कोसळला.

तेजीबद्दल लिहिताना आपण अफवा, टिप देणारे, भाव फुगवणारे ऑपरेटर यांना दोष देतो. त्या खोलीत यातलं कोणीही नव्हतं. मोलापेक्षा जास्त भाव देणाऱ्याला मोल ठाऊक होतं. पुढच्या फेरीत आपल्याहून जास्त देणारा कोणीतरी भेटेल, एवढाच त्याचा अंदाज होता. तो खरा ठरला की पुढचा डाव आणखी मोठा. म्हणूनच ‘अभ्यास करून गुंतवणूक करा’ हा सल्ला मला तेजीत अपुरा वाटतो. अभ्यास हवाच, पण इथे माहिती पुरेपूर होती आणि तरीही फुगा फुगला.

मग अनुभवाने शहाणपण येतं का? काही अंशी येतं. तीच माणसं तोच खेळ तिसऱ्यांदा खेळली की भाव मोलाजवळ राहू लागतो. पण 2008 मध्ये रेश्मान हुसाम, डेव्हिड पोर्टर आणि स्मिथ यांनी अशाच मुरलेल्या खेळाडूंच्या हाती जास्त रोकड दिली, लाभांशाची अनिश्चितता वाढवली, आणि फुगा पुन्हा उभा राहिला. अनुभव त्या एका बाजारापुरता होता. मार्च 2020 मध्ये भारतात शेअर ठेवायची सुमारे 4 कोटी डीमॅट खाती होती, ऑगस्ट 2022 पर्यंत ती 10 कोटींवर गेली. या नव्या खातेदारांनी पाहिलेला बाजार मुख्यतः पडून लगेच उसळणारा आहे. वर्षानुवर्षं न हलणारी मंदी त्यांच्या अनुभवात नाही.

रोकड आणि तेजी यांचं नातं मुंबईने फार आधी पाहिलं आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला आणि आपल्या कापसाचे भाव भडकले. शहरात पैसा इतका आला की त्याला नेहमीच्या व्यापारात जागा उरली नाही. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतल्या बॅक बे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या वर गेला. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांचा सेनापती ली याच्या सैन्याने शरणागती पत्करली, कापूस गडगडला, आणि 1 जुलैला वायद्यांचे, म्हणजे पुढच्या तारखेला पुरे करायच्या सौद्यांचे, पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा ते बहुतेकांकडे नव्हतेच. त्या तेजीचे नायक प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं निघालं. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्यांनी भरभराटीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून उभा राहिला.

मेंदूत काय चालतं याचा माग 2014 मध्ये अॅलेक स्मिथ, कॉलिन कॅमेरर, रीड माँटेग्यू आणि सहकाऱ्यांनी घेतला. प्रयोगशाळेतल्या बाजारात व्यवहार चालू असताना काही जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं. बक्षिसाच्या अपेक्षेने जागं होणारं न्यूक्लियस अॅकम्बेन्स हे केंद्र भाव फुगेल तसं अधिक सक्रिय होत गेलं, आणि जे त्याच्या तालावर खरेदी करत गेले त्यांची कमाई कमी झाली. जास्त कमावणाऱ्यांच्या मेंदूत भाव शिखरावर पोचण्याआधीच अँटिरिअर इन्सुला सक्रिय झालेला दिसला. अस्वस्थता आणि जोखमीची जाणीव या भागाशी जोडलेली आहे. सगळे हसत असताना त्यांना आतून खटकलं आणि त्यांनी विकायला घेतलं.

मात्र खटकलं की सगळं विकून मोकळं व्हायचं, असा अर्थ यातून काढू नये. प्रयोगात पंधरावी फेरी कधी येणार हे माहीत असतं, खऱ्या बाजारात ते कोणालाच माहीत नसतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख अॅलन ग्रीनस्पॅन यांनी डिसेंबर 1996 मध्ये बाजाराच्या अविवेकी उत्साहाबद्दल सूचक इशारा दिला. त्यानंतर बाजार तीन वर्षांहून अधिक काळ चढतच राहिला आणि मार्च 2000 मध्ये शिखर गाठून फिरला. इशारा ऐकून बाहेर पडलेल्यांतले किती जण 1999 च्या चढाईत पुन्हा आत शिरले नसतील?

म्हणून माझा भर प्रमाणावर आहे. शेअरमध्ये 60 टक्के आणि मुदत ठेवी, पीपीएफ, रोखे यांत 40 टक्के, असं काहीतरी बाजार शांत असताना ठरवून लिहून ठेवावं. 10 लाखांपैकी शेअरमधले 6 लाख तेजीत 9 लाख झाले, तर एकूण 13 लाखांत शेअरचा वाटा 69 टक्क्यांवर जातो. काहीही न करता जोखीम वाढलेली असते. पुन्हा 60 टक्क्यांवर यायला 1 लाख 20 हजार शेअरमधून काढावे लागतात. त्यासाठी शिखर ओळखावं लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरते. एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं, चालू आहे म्हणून हे टाळता येत नाही. दरमहा किती घालायचे एवढंच एसआयपी ठरवते, साठलेल्या रकमेचं प्रमाण तिच्या हातात नसतं. आणि तेजीत एसआयपी बंद करणारे थोडेच असतात. ठेवी मोडून तो पैसाही शेअरमध्ये नेणारे मात्र पुष्कळ दिसतात.

विकल्यावर करही असतो. जुलै 2024 पासून वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरवरच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट आणि वरच्या रकमेवर 12.5 टक्के कर आहे. तो टाळायचा तर नवी बचत काही महिने ठेवींकडे वळवावी, प्रमाण हळूहळू जागेवर येतं. मुलांची फी किंवा घराचा हप्ता दोन-तीन वर्षांवर आला असेल, तर ते पैसे तेजी चालू असतानाच शेअरमधून काढावेत. जानेवारी 2008 मध्ये 21,000 ओलांडलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 8,000 च्या खाली उतरला होता आणि त्याला परत 21,000 वर जायला नोव्हेंबर 2010 उजाडलं.