व्हर्बिना, उद्यानीय : एकोणिसाव्या शतकातील वाण

बागेत लावली जाणारी व्हर्बिना (व्हर्बिना हायब्रिडा, अलीकडे ग्लँड्युलॅरिया प्रजातीत समाविष्ट) हा दक्षिण अमेरिकी जातींचा संकर आहे. यूरोपातील औषधी व्हर्बिना वेगळी. तिच्या प्रजातीची पायाभूत गुणसूत्रसंख्या (गुणसूत्रांच्या मूळ संचातील संख्या) ७, तर ग्लँड्युलॅरियाची ५.

संकराचे जनक सामान्यतः चार मानतात : पेरुव्हियाना, फ्लॉजिफ्लोरा, इन्सायझा आणि प्लॅटेन्सिस. शेंदरी, जमिनीलगत पसरणारी पेरुव्हियाना इंग्लंडमध्ये १८२७ च्या सुमारास पोहोचली. इतर जाती बहुधा १८३० नंतरच्या दशकात आल्या. ब्वेनोस आइरेसला स्थायिक झालेला स्कॉटिश माळी जॉन ट्वीडी याचा त्यांच्या संकलनात मोठा वाटा होता. जनकांच्या संख्येचा वाद बराचसा नावांमुळे वाढला. पेरुव्हियानाच मेलिन्ड्रेस व कॅमेड्रिफोलिया या नावांनीही विकली जाई, त्यामुळे जुन्या याद्यांवरून केलेली मोजणी भरवशाची नाही. शेंदरी रंग पेरुव्हियानाकडून आणि सुगंध प्लॅटेन्सिसकडून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरील कर उठल्यावर काचगृहे स्वस्त झाली आणि हंगामी वाफ्यांना बहर आला. ‘रॉबिन्सन्स डिफायन्स’ (शेंदरी) व ‘पर्पल किंग’ (जांभळा) हे गाजलेले वाण. इंग्लंडमधील श्रबलँड पार्क या जमीनदारी बागेत तेथील माळी डॉनल्ड बीटन याने पांढऱ्या कडांच्या पानांचे जिरेनियम आणि व्हर्बिना व्हेनोसा (आजची रिजिडा) एकत्र लावून धूपछाँव रेशमासारखा वाफा साधला. रिजिडा मात्र संकर नाही.

नामांकित संकर वाण बियांपासून जसेच्या तसे येत नाहीत. ते दरवर्षी छाट कलमांनीच टिकवावे लागत. ऑगस्टमध्ये न फुललेल्या शेंड्याची ५–७ सेंमी. छाट पेराखाली कापून वाळूमिश्रित मातीत लावत आणि हिवाळाभर रोपे थंड पण हिममुक्त काचगृहात ठेवत. पाणी जास्त झाले की बुंधा कुजे. मुळे कोरडी पडली की भुरी येई. वसंतात मावा पडे. हिमाचा धोका टळल्यावर सुमारे ३० सेंमी. अंतरावर लावणी करून फांद्या आकड्यांनी जमिनीला टाचत. पेरांना मुळे फुटून वाफा भरून येई. न टाचलेल्या फांद्या वाऱ्याने उचलल्या जात आणि मध्ये माती उघडी पडे. एका हिवाळ्यात साठा मेला, तर तो वाण तिथे संपे. म्हणून आज जुन्या नावाने मिळणाऱ्या बियांना मूळ वाण मानता येत नाही; परंपरेची साखळी असलेले कलमच ग्राह्य धरावे.

शतकाच्या उत्तरार्धात बियांपासूनच्या मिश्ररंगी रोपांचा प्रसार वाढला. महाराष्ट्रातही व्हर्बिना हिवाळी फूल म्हणून मुख्यतः बियांपासूनच लावतात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये पेरणी होते.