भट्ट्यात रचलेला टँकर

आमच्या गावाशेजारचा एक भट्टा यंदा कच्चा निघाला. वैनगंगेच्या काठचा, पन्नास हजार विटांचा. मधल्या थरातल्या विटा अशा, की नखानं ओरखडा उठावा. मालकाचं निदान तयार होतं : "नजर लागली जी. पुढच्या खेपेला काळी बाहुली टांगतो." बाहुलीला माझी हरकत नाही, ती कोळसा खात नाही. पण भट्टा रचायच्या आठवडाभर आधी अवकाळी पाऊस येऊन गेला होता, ते कुणाच्या बोलण्यात आलं नाही.

रचायच्या राहिलेल्या कच्च्या विटांपैकी एक मी घरी आणली. हाताला खडखडीत वाळलेली. किराणा दुकानाच्या काट्यावर भरली ३ किलो ४१० ग्रॅम. चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवून पुन्हा तोलली, तर ३ किलो २१०. म्हणजे त्या 'वाळलेल्या' विटेत पेलाभर पाणी दडून बसलं होतं. सगळ्याच विटा अशा धरल्या तर पन्नास हजारांचं मिळून दहा हजार लिटर होतं. उन्हाळ्यात गावात येतो तो मोठा टँकर साधारण एवढाच. मालकानं अख्खा टँकर भट्ट्यात रचला आणि खालून आग लावली.

आता शाळेतला अप्रकट उष्मा आठवा. १ ग्रॅम पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ कॅलरी लागतात. पण त्याच १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला आणखी ५४० लागतात, आणि एवढं करून तापमापीचा पारा जागचा हलत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ती पकड सोडवण्यातच सगळी उष्णता खर्च होते. मे महिन्यात याच हिशेबावर आपण जगतो. माठातून झिरपलेलं पाणी उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, कूलरच्या ताट्यांतही तेच घडतं. माठात जी चोरी हवीशी वाटते, तीच भट्ट्यात नडते.

विटेमागे २०० ग्रॅम पाणी, दर ग्रॅमला ६१५ कॅलरी : १ लाख २३ हजार. पन्नास हजार विटांना ६१५ कोटी. आपल्याकडचा साधारण कोळसा किलोमागे ४० लाखांच्या आसपास कॅलरी देतो. म्हणजे दीड टन कोळसा नुसत्या पाण्याच्या वाफेपायी गेला, आणि त्यातून अंदाजे २.४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळला. कोळशापेक्षा वायू जड कसा? कार्बनच्या १२ भागांना हवेतला ३२ भाग ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ होतात, म्हणून.

शिवाय ओली वीट वाळेपर्यंत शंभर अंशांच्या फारशी पुढे जात नाही. आगही थंडावते, कोळसा अर्धवट जळतो आणि काळा धूर निघतो. "धूर जोरात, म्हणजे भट्टा पकडला" असं म्हणतात, ते उलटं आहे. काळा धूर म्हणजे न जळलेला, पैसे मोजून आणलेला कोळसा. जो वायू पृथ्वी तापवतो, तो तर दिसतही नाही.

एक पाणी मात्र सूर्याला काढता येत नाही. चिकणमातीच्या स्फटिकांत हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, अॅल्युमिनियमला बांधलेले असतात. साधारण ४५० ते ६०० अंशांदरम्यान ते सुटून वाफ होऊन जातात, आणि मग वीट पाण्यात भिजवली तरी तिचा परत चिखल होत नाही. कोळसा खर्चायचा तो या कामासाठी आणि पुढच्या भाजणीसाठी. आधीचं काम आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाकडून फुकट करून घ्यावं.

पण थापलेली वीट लगेच उन्हात टाकली तर बाहेरून आक्रसते आणि तडकते. काळी माती असेल तर फारच. आधी सावली, मग ऊन. मातीत राईस मिलमधलं धानाचं तूस किंवा चंद्रपूर, कोराडीच्या वीजकेंद्रांची राख मिसळली तर आक्रसणं कमी होतं, आणि तूस विटेच्या आतूनच जळतं. निव्वळ राखेच्या विटेला लोक 'ग्रीन' म्हणतात, कारण ती भाजावी लागत नाही. खरं आहे, पण तिच्यात सिमेंट किंवा चुना असतो, आणि तो भट्टीतूनच आलेला असतो.

स्वयंपाकघरातही हेच. भाजी उकळू लागली की गॅस मोठा ठेवून ती लवकर शिजत नाही, वाफ तेवढी जास्त जाते, आणि ग्रॅमला ५४० कॅलरी घेऊन जाते. झाकण ठेवावं, आच बारीक करावी.

मालकाला सगळा हिशेब सांगितला. त्यानं शांतपणे ऐकला आणि म्हणाला, "त्या दुकानाचा काटा मारतो जी." दोन्ही वेळा काटा तोच होता, म्हटलं. मग त्यानं ढिगातून आणखी दोन विटा काढून माझ्या हातात दिल्या.