जोत्याखालचे औषध

बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या जोत्यात मुरूम भरून, ठोकून झाला की एक दिवस ठेकेदाराची दोन माणसे ड्रम आणि हातपंप घेऊन येतात. वाळवीचे औषध ओतल्याबरोबर ड्रममधले पाणी दुधासारखे पांढरे होते आणि आवारभर रॉकेलसारखा उग्र वास पसरतो. पहारीने अर्ध्या अर्ध्या फुटावर भोके पाडायची, ते पांढरे पाणी त्यांत सोडायचे, आणि लगेच वरून काँक्रीट. त्यानंतर इमारत पाडेपर्यंत ती माती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वाळवीच्या औषधाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या अडचणीभोवतीच फिरला आहे. एकदाच घालता येते आणि पुन्हा तपासता येत नाही, असे औषध टिकावे तरी किती? जितके जास्त तितके चांगले, असे घरमालकांनाही वाटले आणि बांधकाम खात्यांनाही. ज्या ज्या रसायनाने ही अपेक्षा खरी करून दाखवली, त्याच्यावर पुढे बंदी आली.

त्याआधीची घरे औषधावाचूनच उभी राहिली. देशावरच्या वाड्यांची जोती घडीव दगडाची आणि चांगली उंच. खांब, तुळया सागाच्या, त्याही जून सागाच्या गाभ्याच्या. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. पांढऱ्या बाह्यकाष्ठात हे संरक्षण नसते आणि जुने सुतार ते तासून टाकत. कोकणात वाशांना डांबर किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावायची पद्धत होती. मुंग्यांसाठी तर साधे पाणी पुरे: जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, आणि साखरेचा डबा परातीतल्या पाण्यात. द्रवाची तटबंदी म्हणून हा प्रयोग अगदी अस्सल आहे. पाणी आटले की मुंग्या आत, एवढीच त्यातली खोट.

वारुळाशी मात्र आपले वैर नव्हते. नागपंचमीला त्याची पूजा होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा सांगताना वारुळाचा पुन्हा पुन्हा उल्लेख केला आहे: अमुक झाडाच्या अमुक दिशेला वारूळ असेल, तर इतक्या खोलीवर पाणी लागेल. त्याचे सगळे ठोकताळे आज कोणी मानणार नाही, पण निरीक्षणाच्या मुळाशी तथ्य आहे. जमिनीतल्या वाळवीला ओल लागते. तिचे अंग मऊ आणि कातडी पातळ असते, कोरड्या हवेत ती फार वेळ तग धरत नाही. भिंतीवर दिसणाऱ्या मातीच्या नळ्या ती त्यासाठीच बांधते: ओलसर अंधारातून जायचे, यायचे. आपल्याकडची ओडोन्टोटर्मिस जातीची वाळवी तर वारुळात बुरशीची शेती करते. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात लोक ज्या अळंब्यांवर तुटून पडतात, त्यांतल्या बऱ्याच याच शेतीतून वर येतात. घराला खरा धोका असतो तो ओलीचा, गळक्या नळाचा आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडाचा. औषधाच्या जाहिरातीत हे कधी येत नाही.

लाकूडच विषारी करावे ही कल्पना रेल्वेमुळे रुजली. जॉन बेथेलने १८३८ मध्ये इंग्लंडमध्ये क्रिओसोट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारे तेल, दाबाखाली लाकडात भरण्याचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात रुळांचे जाळे पसरले तसा लाकडी स्लीपरांचा प्रश्न आला, कारण साल आणि देवदार पुरत नव्हते आणि हलके लाकूड वाळवी खाऊन टाकत होती. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत यावर काम सुरू झाले आणि तिथेच १९३३ मध्ये सोंटी कामेसम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे पाण्यात विरघळणारे मिश्रण तयार केले. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला ‘एस्कू’ म्हणत. लाकडात मुरल्यावर ते धुऊन जात नाही, ही त्याची करामत. पुढे सीसीए या नावाने ते जगभर गेले आणि अमेरिकेतल्या घरांच्या लाकडी गच्च्या, कुंपणे, मुलांची खेळणी अनेक दशके त्यातच भिजवली जात होती. आर्सेनिकच्या भीतीने २००३ अखेर तिथल्या उत्पादकांनी घरगुती लाकडासाठी ते देणे थांबवले. एका भारतीय शास्त्रज्ञाचा इतका दूरवर पोचलेला शोध आपल्याकडे फारसा कोणाच्या लक्षात नाही, याचे नवल वाटते.

मातीत औषध ओतण्याचे युग दुसऱ्या महायुद्धानंतरचे. पॉल म्युलर यांना १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भारत सरकारने डीडीटी बनवण्यासाठी १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी काढली; तिचा एक कारखाना पुढे रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला आला. डीडीटीचा रोख डासांवर होता. घरोघर ढेकूण आणि मुंग्यांवर टाकली जायची ती गॅमेक्सिनची, म्हणजे बीएचसीची पावडर. वाळवीचे मैदान मात्र मारले त्यांच्या क्लोरीनयुक्त भावंडांनी: क्लोर्डेन, हेप्टाक्लोर, आल्ड्रिन, डिल्ड्रिन. शेवटची दोन नावे ओटो डील्स आणि कुर्ट आल्डर या रसायनशास्त्रज्ञांच्या आडनावांवरून पडली. ज्या अभिक्रियेसाठी त्यांना १९५० चे नोबेल मिळाले, तिच्यातूनच ही विषे बनत होती. असा सन्मान कोणाला मिळू नये.

ही औषधे स्वस्त होती आणि मातीत ठाण मांडून बसत. अमेरिकेच्या वन विभागाने मिसिसिपी राज्यात गल्फपोर्टजवळ ज्या चाचण्या लावल्या, त्यांत क्लोर्डेन घातलेल्या मातीने दोन दशकांहून अधिक काळ वाळवी अडवली. भारतीय मानक संस्थेने १९७१ मध्ये इमारतींच्या वाळवी प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ हे मानक काढले, तेव्हा त्यात याच औषधांना मानाचे पान होते. या मानकाचे तीन भाग आहेत: बांधकामातली खबरदारी, बांधतानाची रासायनिक प्रक्रिया आणि उभ्या इमारतीवरची प्रक्रिया. पहिला भाग कोणी उघडत नाही. दुसरा सगळ्या निविदांत शब्दशः उतरतो: आडव्या पृष्ठभागाला चौरस मीटरला ५ लिटर, पायाच्या भिंतीलगतच्या भरावाला ७.५ लिटर. रसायने बदलत गेली, हे आकडे राहिले.

मातीत टिकणारे विष हवेत, पाण्यात आणि चरबीतही टिकते, हे आधी दुसरीकडे दिसले, आणि तेही मुंग्यांमुळेच. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५७ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांत दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आगमुंग्यांविरुद्ध मोहीम काढली आणि लाखो एकरांवर विमानांतून डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर टाकले. पक्षी मेले, गुरे मेली. मुंग्या आजही तिथे आहेत. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात या मोहिमेची पिसे काढली. पुढच्या वर्षांत शेतीतून एकेक औषध हद्दपार झाले, पण वाळवीसाठीचा वापर सगळ्यात शेवटी सुटला. क्लोर्डेनला अमेरिकेत १९८३ नंतर फक्त वाळवीसाठी परवानगी उरली होती. ते जमिनीखाली जाते, माणसाशी संबंध येत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. मग औषध मारलेल्या घरांच्या आतल्या हवेतच क्लोर्डेन सापडू लागले आणि १९८८ मध्ये तोही दरवाजा बंद झाला. भारतात आल्ड्रिन, क्लोर्डेन आणि हेप्टाक्लोर यांवर १९९६ मध्ये बंदी आली, बीएचसीवर १९९७ मध्ये. बीएचसीचाच शुद्ध केलेला भाग असलेले लिंडेन वाळवीसाठी २०१३ पर्यंत रेंगाळले.

जागा रिकामी झाली ती क्लोरपायरीफॉसने भरली. डाऊ कंपनीने १९६५ मध्ये बाजारात आणलेले हे औषध. सुरुवातीला वर्णन केलेले पांढरे पाणी बहुतेक वेळा याचेच असते. २० ईसीचे, म्हणजे २० टक्के क्लोरपायरीफॉस असलेले, १ लिटर औषध १९ लिटर पाण्यात मिसळले की १ टक्क्याचे द्रावण होते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या जोत्याला ४६५ लिटर द्रावण लागते, आणि त्यासाठी मूळ औषध २३ लिटरहून थोडे जास्त. बंगल्याच्या कामावर ठेकेदार पाच लिटरचा एकच कॅन घेऊन आला, तर वाळवी कुठून येणार हे त्याच दिवशी ठरलेले असते.

टिकण्याच्या बाबतीत क्लोरपायरीफॉस जुन्या औषधांच्या जवळपासही नाही. अल्कधर्मी आणि तापलेल्या मातीत त्याचे विघटन वेगाने होते. दख्खनची काळी माती अल्कधर्मी असते, शिवाय उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे घातलेला थर तुटतोही. तरी सरकारी निविदांतली दहा वर्षांच्या हमीची अट हलली नाही. माझ्या मते ही हमी जुन्या रसायनांच्या काळातला वारसा आहे. नवे औषध ती स्वतःच्या बळावर क्वचितच पाळते; ती पाळली जाते ती ठेकेदार मध्ये पुन्हा येऊन फवारतो म्हणून, आणि तोही येईल तेव्हा खरा.

क्लोरपायरीफॉस कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालते, आणि तो घाव कीटकांपुरता राहत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच्या परिणामांची चिंता वाढल्यावर अमेरिकेने २००० मध्ये घरगुती वापर बंद करण्याचे ठरवले. नव्या बांधकामाखाली ते घालणे २००५ अखेर थांबले. भारतात २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा जो मसुदा निघाला, त्यात हे नाव होते. अंतिम आदेशात राहिले नाही. २०२५ मध्ये दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत ते गेले, काही वापरांना मुदतीची सूट ठेवून. क्लोर्डेन आणि आल्ड्रिन ज्या यादीत आहेत, तीच ही यादी.

दरम्यान विचाराची दिशाच बदलली होती. जुन्या औषधाचा हेतू वाळवी शिवताक्षणी मारणे किंवा हाकलणे. बायफेंथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांनाही वाळवी हुंगून टाळते आणि थरात फट शोधत राहते. एवढ्या मोठ्या जोत्यात ती कुठेतरी सापडतेच. बायरचे इमिडाक्लोप्रिड १९९० च्या दशकात आले, मागोमाग रोन-पुलांकचे फिप्रोनिल. यांचा वाळवीला पत्ताच लागत नाही. ती मातीतून बिनधास्त जाते, लगेच मरत नाही, वारुळात परतते. वाळव्या एकमेकींना भरवतात, एकमेकींचे अंग चाटून साफ करतात, त्यातून विष पुढे सरकते. तटबंदीऐवजी वाळवीच्याच हाती निरोप पाठवण्याची ही युक्ती आहे. मात्राही कमी: ३०.५ टक्क्यांचे इमिडाक्लोप्रिड (३०.५ एससी) लिटरला २.१ मिलि, म्हणजे वरच्याच जोत्याला सगळे मिळून एक लिटरभर. वास जवळपास नाहीच, त्यामुळे काही लोकांना अजून वाटते की औषध मारलेच नाही. हीसुद्धा निर्दोष नाहीत. मधमाश्यांच्या प्रश्नावरून युरोपने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडचा उघड्यावरचा वापर बंद केला, आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत बेकायदा वापरलेले फिप्रोनिल २०१७ मध्ये तिथल्या लाखो अंड्यांत निघाले.

आपल्याकडे या औषधांचा खप वाढला त्याला वाळवीपेक्षा लाकूड कारणीभूत आहे, असे मला वाटते. साग परवडेनासा झाला. फ्लॅटमध्ये प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आले. चौकटी कोवळ्या लाकडाच्या झाल्या. फर्निचर भिंतीला घट्ट ठोकलेले, मागे हवा नाही, बाथरूमची ओल पलीकडूनच. सातव्या मजल्यावर वाळवी पोचते ती पाइपांच्या डक्टमधून. मग फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर फूटफूट अंतराने १२ मिलिमीटरची भोके पाडून प्रत्येकात लिटरपर्यंत औषध सोडायचे आणि सिमेंटने बुजवायचे, हा उभ्या इमारतीचा विधी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत सुक्या लाकडातली वाळवीही असते. तिला मातीची गरजच नसते; कपाटाखाली बारीक खसखशीसारखे दाणे पडलेले दिसले की ती समजावी. तिच्यासाठी मातीत कितीही औषध ओतले तरी उपयोग शून्य, तिथे लाकडातच टोचावे लागते.

मुंग्यांच्या बाबतीत फवारा आणखी दुबळा. ओट्यावर दिसणारी रांग वारुळातल्या मुंग्यांचा लहानसा हिस्सा असते. घरातल्या पिवळसर बारीक मुंग्यांवर, ज्यांना फेरो मुंग्या म्हणतात, उग्र औषध मारले तर वसाहत फुटून तिच्या दोन-चार होतात, कारण त्यांच्यात राण्या अनेक असतात. प्रौढ मुंगीला घन अन्न गिळता येत नाही, ती द्रवच पिते. म्हणून साखरेच्या पाण्यात १ टक्क्याच्या आतबाहेर बोरिक अॅसिड मिसळलेले आमिष फवाऱ्यापेक्षा सरस ठरते. प्रमाण वाढवले तर मुंग्या वाटेतच मरतात आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. लोक हटकून वाढवतात.

हे काम कोणी करावे याचे नियम आहेत. केरळात १९५८ मध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे दगावली, त्यानंतरच्या चौकशांतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. पेस्ट कंट्रोलच्या व्यावसायिक परवान्यासाठी आज विज्ञान किंवा कृषी पदवी आणि म्हैसूर, हापूर किंवा हैदराबादच्या संस्थेतले प्रशिक्षण लागते. परवाना कंपनीच्या नावावर असतो. जोत्यात पहार मारणारा मजूर बहुधा हातमोज्यांशिवाय उभा असतो, आणि आयएस ६३१३ मधला सुरक्षिततेचा परिच्छेद त्याला कोणी वाचून दाखवलेला नसतो.