उक्तं काम आणि मोजमापाचं काम: मिस्त्रीशी ठरवण्याआधी

बाथरूम नव्याने करायचं आहे आणि दोन मिस्त्री बघून गेले. एक म्हणाला, "सगळं मिळून उक्तं एवढ्यात करून देतो." दुसरा म्हणाला, "फरशीचा फुटाला इतका, प्लंबिंगचा पॉइंटला इतका, होईल तेवढ्याचे पैसे." मग घरातली माणसं रात्री बसून दुसऱ्याच्या दरांचे गुणाकार करतात, बेरीज पहिल्याच्या आकड्याशेजारी मांडतात आणि कमी भरेल त्याला होकार कळवतात. पण पहिल्या आकड्यात काम अंदाजापेक्षा जास्त निघण्याची जोखीम मिस्त्रीने अंगावर घेतली आहे. दुसऱ्यात, म्हणजे मोजमापाच्या कामात, ती घरमालकाकडे आहे. नुसत्या रकमांची तुलना करताना हा फरक कुठेच दिसत नाही.

त्यात आणखी एक घोळ होतो. उक्तं म्हटलं की मटेरियल आलंच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. उक्तं काम नुसत्या मजुरीचंही असतं आणि मोजमापाचा दर मटेरियलसकटही असतो. त्यामुळे "उक्तं की फुटावर?" हा एक प्रश्न आणि "मटेरियल कोणाचं?" हा दुसरा, दोन्ही वेगवेगळे विचारावेत. मजुरीचंच काम असेल तर सिमेंट-वाळू तुम्ही आणाल हे धरलेलं असतं, पण टाइलचा अॅडेसिव्ह, स्पेसर, सँडपेपर, खिळे-स्क्रू असल्या किरकोळ वस्तू कोणी आणायच्या हे बोललेलं नसतं, आणि रोज सकाळी हार्डवेअरच्या दुकानात फेरी मारायची वेळ येते.

उक्त्या कामात भांडण होतं ते यादीवरून. रक्कम पक्की असते, पण त्या रकमेत काय काय बसतं ते दोघांच्या डोक्यात वेगळं असतं. जुनी फरशी तोडणं धरलं आहे का? राडारोडा खाली उतरवून गाडीने न्यायचा कोणी? लिफ्ट वापरू दिली नाही तर पोती जिन्याने चढवायची मजुरी कुणाकडे? पाइपसाठी भिंतीत मारलेल्या झिऱ्या बुजवून गिलावा कोण करणार, गवंडी की प्लंबर? ओट्याच्या ग्रॅनाइटची धार गोल करणं आणि सिंकसाठी कापणं बहुतेक जण वेगळं लावतात. हे सगळं एका कागदावर, अगदी वहीच्या पानावर का होईना, लिहून दोघांनी सही केली की उक्त्या कामातले बरेचसे वाद सुरू होण्याआधीच मिटतात.

जे लिहून भागत नाही ते पोटातलं, म्हणजे वरून न दिसणारं काम. उक्त्यात मिस्त्रीचा फायदा लवकर मोकळं होण्यात असतो. त्यात त्याचा दोष नाही, व्यवहारच तसा आहे. पण त्यामुळे जिथे घाई दिसून येत नाही तिथे ती होते: लांबीचा (पुट्टीचा) दुसरा हात, गिलाव्यावर पाणी मारणं, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. म्हणून रकमेचे हप्ते तारखांवर न बांधता टप्प्यांवर बांधावेत. गिलावा किमान ७ दिवस ओला राहिला का, ते बघावं. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवण्याआधी पाणी जाण्याच्या भोकाला बूच लावून पाणी भरून ठेवावं, निदान २४ तास, जमलं तर ४८, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघावं. ओल दिसली नाही की मगच पुढचा हप्ता. हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असलं की कोणताही चांगला मिस्त्री त्याला हरकत घेत नाही.

उक्त्याचा आकडा फारच कमी आला तर मला आनंद होत नाही, काळजी वाटते. अंदाज चुकलेला मिस्त्री अर्ध्यात येऊन म्हणतो, "परवडत नाही," आणि तोडलेल्या बाथरूमसकट घर सोडून जातो. मग दुसरा कोणी आला तरी आधीच्याचं अर्धवट काम हातात घ्यायला तो जास्तच पैसे मागतो.

मोजमापाच्या कामात यादीचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे वाद टेपवरून होतो, आणि तो बहुतेक वेळा शेवटच्या बिलाला होतो, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी. रंगकामाचं उदाहरण घेऊ. खोली १० बाय १२ आणि उंची १० फूट. चारी भिंती मिळून ४४० चौरस फूट, छत १२० चौरस फूट, एकूण ५६०. जमीन मात्र १२० चौरस फूटच. समजा रंगाऱ्याने फुटाला २० रुपये सांगितले. जमिनीच्या मापाने २,४०० रुपये होतात, रंगवलेल्या मापाने ११,२००. दोन्ही पद्धती बाजारात चालतात. जमिनीच्या मापाने काम करणारे दर अर्थातच जास्त सांगतात, पण "फुटाला किती" एवढंच विचारून फोन ठेवला तर कोणता फूट ते कळत नाही.

मग दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही? यावर घराघरांत वादावादी होते, पण उत्तर लिहिलेलं आहे. मोजमापाच्या पद्धतीसाठी भारतीय मानक आयएस १२०० आहे आणि गिलाव्यासाठीचा त्यातला नियम समजायला सोपा आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांची पोकळी वजाच करायची नाही. अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सुमारे ३२ चौरस फुटांपर्यंतची असेल तर भिंतीच्या एकाच बाजूला वजा करायची. नेहमीचं ३ बाय ७ चं दार २१ चौरस फुटांचं, ते यातच बसतं. दुसऱ्या बाजूला वजा करायची नाही, कारण दाराच्या कडा आणि कोपरे नीट करण्यात मजुराचा वेळ जातो, त्याची भरपाई तिथे होते. त्याहून मोठी पोकळी, उदाहरणार्थ बाल्कनीचं सरकतं दार, दोन्हीकडून वजा होते आणि कडा वेगळ्या मोजून धरल्या जातात. हा नियम मला न्याय्य वाटतो. अजिबात वजा न करणारा मिस्त्री आणि प्रत्येक खिडकी दोन्हीकडून कापणारा घरमालक, दोघेही त्यात बसत नाहीत.

फरशीतही मापाची गंमत आहे. आपण "दोन बाय दोन" म्हणतो ती टाइल ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना जराशी कमी. चार टाइलचा बॉक्स १६ चौरस फूट भरत नाही, साडेपंधरा भरतो. मोठ्या हॉलसाठी १६ धरून बॉक्स मागवले तर शेवटी टाइल कमी पडते, आणि नंतर आणलेल्या बॉक्सची छटा जुळेल याची खात्री नसते. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, मात्र चौरस फुटात धरत नाहीत, रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर मोजतात.

सुताराकडे तर आधी काय मोजणार तेच विचारावं. ७ फूट उंच, ६ फूट रुंद कपाट समोरून मोजलं तर ४२ चौरस फूट. आतले कप्पे आणि ड्रॉवर त्याच दरात धरतात, पण किती कप्पे, किती ड्रॉवर हे आधी सांगितलं नसेल तर सुतार कमीत कमी देणार आणि तुम्ही जास्तीत जास्त मागणार. वरचा लॉफ्ट बहुधा वेगळा मोजतात.

मग कोणतं काम कसं द्यावं? रंग, फरशी, गिलावा, कपाटं अशी टेपने मोजता येणारी कामं मी मोजमापावरच देईन. ज्याची हद्द स्पष्ट आहे आणि ज्यात चार कारागिरांचे हात लागतात, असं एकच बाथरूम किंवा एकच ओटा उक्ता द्यायला हरकत नाही. भिंतीतल्या गळतीचा शोध मात्र दोन्हींत बसत नाही, कारण फोडल्याशिवाय आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. तिथे रोजंदारी बरी.

काम कसंही दिलेलं असो, मध्येच काहीतरी वाढतंच. "दादा, एवढा एक पॉइंट वाढवा," असं आपण सहज बोलून जातो आणि बिलात तो दिसला की चकित होतो. कागदावर नव्हतं म्हणून पैसे देणं नाकारता येत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७० नुसार फुकट करायच्या हेतूने न केलेल्या, कायदेशीर कामाचा लाभ घेतला की मोबदला देणं लागतं. वाढीव कामाचा दर त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहून घेतला तर दोघांचीही सोय होते. गच्चीच्या कामात पहिला पाऊस होईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायची असेल तर तेही उचल देतानाच सांगावं. काम संपल्यावर अचानक पैसे अडवले तर त्याचा फटका आधी मिस्त्रीला बसत नाही, त्याच्या हाताखालच्या बिगाऱ्यांना बसतो.