पिकलबॉल: बिघडलेला दिसणारा सरावच का मुरतो

सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर सकाळी सहाला दोघं समोरासमोर पिकलबॉल (पॅडल आणि प्लास्टिकच्या भोकांच्या चेंडूचा खेळ) खेळत डिंक, म्हणजे जाळीजवळून पलीकडे हलकेच टाकायचे फटके, मारत असतात. फोरहँडला फोरहँड, पन्नास झाले, साठ झाले, चेंडू पडायचं नाव नाही. साडेसातला डबल्स सुरू होतं आणि तोच डिंक जाळीवरून दोन फूट उंच उडतो. समोरचा तो पायाशी ठोकतो. मग दुसऱ्या दिवशी सत्तर डिंक.

संख्येचा इथे दोष नाही. गुड आणि मॅगिल या संशोधकांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस नवशिक्यांना शिकवल्या. एका गटाला एका वेळी एकच सर्व्हिस दिली, दुसऱ्याला ठरावीक क्रमानं तिन्ही, तिसऱ्याला कशाही मिसळून. नंतरच्या चाचणीत मिसळून शिकलेले पुढे होते, आणि कोर्टाच्या न सरावलेल्या बाजूनं सर्व्हिस करायला सांगितल्यावरही तेच पुढे राहिले. कारण असं मानतात: तोच फटका पुन्हा पुन्हा मारताना मेंदू मागच्याच हालचालीची नक्कल करतो. फटका बदलत राहिला की दर वेळी अंतर, उंची, पॅडलचा कोन नव्यानं जुळवावा लागतो, आणि सामन्यात नेमकं तेच करायचं असतं. खऱ्या मैदानावर हा फरक प्रयोगशाळेइतका ठळक दिसत नाही, हेही खरं. अगदी नव्या माणसाला पहिले तीन-चार दिवस एकच फटका घोटू द्यावा. पॅडल कसं धरायचं तेच कळत नसताना मिसळण्यात अर्थ नाही.

मिसळलेला सराव त्या वेळी बिघडलेलाच दिसतो, पण मुरतो तोच. मिसळायचं कसं? चेंडू देणाऱ्यानं एक डिंक उजवीकडे, एक डावीकडे, मध्येच एक जोरात अंगावर द्यावा, क्रम न सांगता. दोघं किचनच्या (जाळीलगतचा पट्टा, जिथे उभं राहून टप्प्याआधी चेंडू मारता येत नाही) रेषेवर असतील तर मधलं अंतर १४ फूट. ताशी ५० किलोमीटरचा चेंडू ते साधारण ०.३ सेकंदात कापतो, आणि त्यातले ०.२ सेकंद नुसतं बघून हालचाल सुरू करण्यातच जातात. पॅडल मांडीजवळ लोंबत असेल तर संपलं. ते छातीसमोर हवं.

आता रेषा. पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्सएवढंच, म्हणून पुष्कळ जण तिथल्याच रेषा वापरतात. पण बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचन सात फुटांचं. या सहा इंचांनी पाय चुकीच्या जागी पडायला शिकतात, आणि स्पर्धेत व्हॉली (टप्पा पडण्याआधी हवेतच मारायचा फटका) मारताना रेषेवर पाय पडून फॉल्ट जातो. खडूनं वेगळी रेष आखा. जाळी काठांना ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच हवी. बॅडमिंटनची जाळी खाली ओढून बांधली असेल तर मधोमध ती झोळ खाते, तिथे टेकू द्या.

डिंक उंच का उडतो, हे दोरी बांधल्यावर लगेच दिसतं. जाळीच्या वर दीड फुटावर सुतळी ताणा आणि चेंडू दोहोंच्या मधून काढा. चेंडूच्या कमानीचं टोक जाळीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला फूट-दोन फुटांवर यायला हवं, म्हणजे जाळी ओलांडताना तो खाली येत असतो. टोक पलीकडे गेलं की समोरच्याला हवा तसा चेंडू मिळतो. बहुतेकांची चूक मनगटात असते: शेवटच्या क्षणी ते झटकलं जातं. मनगट स्थिर ठेवून खांद्यातून ढकला, गुडघे वाकवा.

भिंतीवर एकट्यानं सराव करणाऱ्यांनी ३४ इंचांवर पट्टी लावावी, पण भिंतीकडून डिंकची अपेक्षा ठेवू नये. नियमानुसार ७८ इंचांवरून सोडलेला चेंडू ३० ते ३४ इंचच उसळतो. म्हणजे टप्प्यात वेगाचा तिसरा हिस्सा जातो. सात फुटांवरून हलका मारलेला चेंडू परत येईपर्यंत मरतो. भिंत व्हॉलीसाठी चांगली.

कंटाळ्यावर उपाय गुणांचा. ‘सात-अकरा’ खेळा: एक जण किचनच्या रेषेवर, दुसरा मागच्या रेषेवर. मागचा थर्ड शॉट ड्रॉप (सर्व्हिस आणि तिच्या परतीनंतरचा तिसरा फटका, मागून किचनमध्ये हलकेच टाकलेला) टाकत पुढे यायला बघतो. त्याची बाजू अवघड, म्हणून त्याला ७ गुणांत डाव आणि पुढच्याला ११ लागतात. मग अदलाबदल. एकाच बाजूचा डाव सतत एकतर्फी होत असेल तर आकडे बदला, सात-नऊ करा. चौघांना एकच कोर्ट असेल तर ते उभं दुभागून दहा फुटांच्या पट्टीत एकास एक खेळा. कुणाला बाकावर बसावं लागत नाही, शिवाय रुंदी कमी असल्यानं नुसत्या जोरानं गुण मिळत नाहीत. सलग तासभर ड्रिल घोटण्यापेक्षा वीस मिनिटं ड्रिल आणि उरलेला वेळ असे डाव, ही वाटणी आम्हाला जास्त पटते.

प्रगती मोजायची तर सरावाच्या शेवटी मोजू नका, तेव्हा हात तापलेला असतो आणि आकडा खोटा फुगतो. पुढच्या वेळी अंग मोकळं केलं की डिंकसुद्धा न मारता मागच्या रेषेवरून थेट दहा ड्रॉप टाका. किचनमध्ये किती पडले ते तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.