शाक्केत्राच्या पेल्यामागचे गडगे

इटलीतल्या चिंक्वे तेर्रेमधल्या खाण्यापिण्याच्या टूरचा दिवस साधारण ठरलेला असतो. सकाळी ला स्पेत्सियाहून लोकल पकडायची. मोंतेरोस्सोला उतरून गरम फोकाच्चा पावाचा तेलकट तुकडा हातात घ्यायचा. दुपारी लिंबू पिळलेली अँचोव्ही मासळी, मग वेरनात्सात पेस्तोची हिरवी चटणी घातलेला पास्ता. ऊन उतरायला लागलं की मानारोलाच्या वरच्या अंगाला कुणाच्या तरी ओसरीवर बसून इवल्याशा पेल्यात शाक्केत्रा ही सोनेरी, गोड वाइन. सोबतचा गाइड दर घासाला ‘शेकडो वर्षांची परंपरा’ म्हणत असतो. काही घासांपुरतं ते खरं असतं. काहींच्या बाबतीत मात्र परंपरा आपल्या खापरपणज्याच्या वयाची निघते, आणि टूर स्वतः तर कालपरवाची. या सगळ्यात सर्वांत जुनी वस्तू ताटात नसतेच. ती ओसरीच्या मागे, डोंगरावर असते.

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर लिगुरिया हा चिंचोळा प्रांत आहे. त्याच्या पूर्व टोकाला, ला स्पेत्सियाच्या अलीकडे मोंतेरोस्सो, वेरनात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावं समुद्राला चिकटून बसली आहेत. नावाचा अर्थ ‘पाच भूमी’ असला तरी सपाट भूमी तिथे जवळजवळ नाहीच. डोंगर थेट पाण्यात उतरतो. अशा उतारावर काही पिकवायचं तर आधी जमीन तयार करावी लागते, आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी आतल्या खोऱ्यांतून खाली आलेल्या शेतकऱ्यांनी तेच केलं. उतार फोडायचा, निघालेल्या दगडांची भिंत रचायची, मागे माती भरायची, की झाली एक पट्टी तयार. मग तिच्या वर दुसरी.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. चुना-सिमेंट न घालता दगडावर दगड रचून केलेल्या भिंतीला आपल्याकडे गडगा म्हणतात. हे तेच, फक्त जांभ्याऐवजी वालुकाश्म, आणि कुंपणासाठी नव्हे तर डोंगर धरून ठेवण्यासाठी. मसाला नसणं हीच त्यातली मेख आहे. पावसाचं पाणी फटींतून झिरपून जातं, मागे साठून भिंतीला ढकलत नाही. सिमेंटने बांधलेली भिंत इथे लवकर फुगते आणि कोसळते. गडगा मात्र अधूनमधून एखादा दगड टाकतो, तो उचलून परत बसवायचा. पिढ्यान् पिढ्या हिवाळ्यातलं मुख्य काम हेच. दगडी भिंती रचण्याची ही कला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, तेव्हा इटलीसोबत क्रोएशिया, ग्रीस, फ्रान्स, स्पेन वगैरे धरून आठ देशांची नावं त्यात होती.

या पट्ट्यांवर वेल लावली. खारा वारा सोसवावा म्हणून मांडव अगदी बुटके, इतके की खाली काम करायचं तर वाकून किंवा गुडघ्यांवर रांगत जायचं. द्राक्षं मुख्यत्वे तीन जातींची: बोस्को, अल्बारोला आणि वेरमेंतीनो. वाइन पिण्यासाठी होती खरी, पण त्याआधी विकण्यासाठी होती. १२७६ मध्ये हा किनारा जेनोआच्या ताब्यात गेला आणि त्या व्यापारी प्रजासत्ताकाच्या जहाजांवरून मालाला बाजार मिळाला. इथल्या वाइनचं नाव किती लांब गेलं होतं याचा पुरावा चौदाव्या शतकातला इटालियन कथाकार बोकाच्चो याच्या एका गोष्टीत आहे. एक दरोडेखोर एका धनाढ्य मठाधिपतीला पकडतो आणि त्याच्या पोटदुखीवर उपाय म्हणून भाजलेला पाव आणि ग्लासभर ‘कोर्निलियाची वेरनाच्चा’ देतो. उतारा लागू पडतो. वाइनची याहून चांगली जाहिरात कुणी केली असेल असं वाटत नाही.

ती वाइन समुद्रापर्यंत नेण्याची गोष्ट मात्र कुठल्याच कवी-कथाकाराने सांगितली नाही. रस्ता नव्हता, होत्या त्या खेचरांच्या वाटा आणि पायऱ्या. द्राक्षांच्या टोपल्या बायका डोक्यावरून वाहत. कोर्निलिया हे पाचांतलं एकच गाव कड्यावर आहे. आजही तिथल्या स्टेशनावरून गावात चढायला पावणेचारशेहून जास्त पायऱ्या आहेत. पाठीवर छोटी सॅक घेऊन त्या चढताना दोनदा थांबणाऱ्या पर्यटकाने भरलेल्या टोपलीचा विचार एकदा तरी करावा.

शाक्केत्रा ही या वाइनची शेवटची पायरी. सप्टेंबरात तोडणीच्या वेळी चांगले, विरळ दाण्यांचे घड बाजूला काढतात. ते उन्हात नव्हे, सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी जाळीवर पसरतात किंवा दोरीला टांगतात. निदान १ नोव्हेंबरपर्यंत ते तसेच सुकतात. दाणा आक्रसतो, साखर दाटते. मग घरातली माणसं गोल बसून एकेक दाणा देठापासून हाताने सोडवतात, किडका, बुरशी आलेला बाजूला टाकतात. शेंगा सोलत गप्पा मारत बसावं तसा हा प्रकार, फक्त बोटं दिवसभर चिकट. शेवटी रस निघतो तो इतका थोडा की शंभर किलो द्राक्षांमागे वाइन तीस-पस्तीस लिटरच्या वर जात नाही. म्हणून बाटली अर्ध्या मापाची आणि पेला इवलासा. पूर्वी ही वाइन रोज पिण्याची नव्हतीच. बारसं, लग्न, मोठा सण किंवा घरातलं आजारपण, यांसाठी ती कपाटात मागे ठेवलेली असे. पाहुण्याला शाक्केत्रा काढणं म्हणजे त्याचा मान ठेवणं. आज टूरवाल्याला ती मिळते ती पैसे देऊन, पण ओतणाऱ्याच्या हाताला अजून जुनी सवय आहे. तो थेंबही सांडत नाही.

आता ताटाकडे. अँचोव्हीचं मूळ खरोखर जुनं आहे आणि गरिबीत आहे. ही आपल्या मांदेलीच्याच कुळातली मासळी. लिगुरियात तिला ‘समुद्राची भाकरी’ म्हणत, यातच सगळं आलं. अंधाऱ्या रात्री दिवे लावून होड्या निघत, उजेडाकडे मासळी धावून येई. घरी आणल्यावर डोकं आणि आतडं एकाच झटक्यात हाताने काढायचं, लाकडी पिंपात किंवा बरणीत मासळीचा एक थर, मिठाचा एक थर असं भरत जायचं आणि वर पाटीच्या दगडाचं वजन ठेवायचं. काही आठवड्यांत ती मुरते. मोंतेरोस्सोची खारवलेली अँचोव्ही नावाजलेली आहे. टूरमध्ये ती लोणी लावलेल्या पावावर येते. लोणी हा अलीकडचा लाड. जुन्या घरांतून होतं ते ऑलिव्हचं तेल.

फारीनाता हा दुसरा जुना पदार्थ. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, एवढंच. कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा हा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही, बाहेरून कुरकुरीत आणि आत पिठल्यासारखा मऊ. १२८४ मध्ये मेलोरियाच्या लढाईत जेनोआने पिसाच्या आरमाराचा धुव्वा उडवला. परतताना वादळात पिठाची पोती आणि तेलाची पिंपं फुटली, खारं पाणी मिसळलं आणि तो लगदा उन्हात वाळवून खलाशांनी खाल्ला, तीच पहिली फारीनाता, असं गाइड सांगतो. गोष्ट झकास आहे. लढाई खरी आहे. बाकीचं ऐकावं आणि दुसरा तुकडा मागावा.

पेस्तोची मात्र फजिती होते. मुळात तो या पाच गावांचा नाही, जेनोआचा. आणि आज त्याच्या शुद्धतेवरून जितकी भांडणं होतात तितका तो जुनाही नाही. निदान कागदावर नाही. ‘पेस्तो’ची आपल्या ओळखीची कृती छापलेली सापडते ती १८६३ सालच्या जेनोआच्या पाककृतींच्या पुस्तकात. तीत लसूण आहे, तुळशीच्या जातीची बेझिल आहे, पण बेझिल नसेल तर मारवा आणि पार्सली चालेल असं सरळ म्हटलंय. चीज दोन प्रकारचं, एक पार्मेझान आणि दुसरं चक्क डच. बंदराच्या शहरात हॉलंडचं चीज मिळायचं, म्हणून ते पडलं. आजच्या ‘अस्सल’ कृतीत त्याच्या जागी सार्डिनियाचं मेंढीच्या दुधाचं चीज आहे, आणि जेनोआच्या बेझिलला तर २००५ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. परंपरा अशीच घडते, आधी घरात जे असेल ते, मग एक दिवस नियमावली.

या सगळ्याला सुरुंग लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अगदी शब्दशः. ला स्पेत्सियाला इटलीच्या आरमाराची गोदी उभी राहिली. १८६९ मध्ये ती सुरू झाली आणि डोंगरावर रांगणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच महिन्याच्या महिन्याला पगार दिसला. १८७४ मध्ये बोगद्यांमागून बोगदे फोडत जेनोआ-ला स्पेत्सिया रेल्वे पुरी झाली. कालपर्यंत होडीशिवाय किंवा दिवसभर चालल्याशिवाय जिथे जाता येत नव्हतं ते शहर आता मिनिटांवर आलं. तरुण सकाळच्या गाडीने गोदीत जाऊ लागले, वेलींचं काम संध्याकाळवर आणि बायकांवर आलं. त्यानंतर १९२० च्या सुमारास फिलॉक्सेरा हा मुळं खाणारा कीटक पोचला. अमेरिकन खुंटांवर कलमं करून पुन्हा लागवड करावी लागली. अनेकांनी ती केलीच नाही. एके काळी हजार हेक्टरच्या वर असलेले मळे आज जेमतेम शंभरएक हेक्टर उरले आहेत.

गंमत अशी की ज्या रेल्वेने शेतकरी नेला तिनेच पर्यटक आणला. पहिला पाहुणा तर रेल्वेच्याही आधीचा. तेलेमाको सिन्योरीनी हा फ्लॉरेन्सचा चित्रकार १८६० मध्ये चालत रिओमाज्जोरेत पोचला आणि पुढची तीसेक वर्षं परत परत येऊन तिथल्या गल्ल्या आणि माणसं रंगवत राहिला. खाण्यासाठी प्रवास करावा ही कल्पना इटलीत रुजवली ती १८९४ मध्ये मिलानला स्थापन झालेल्या तुरिंग क्लबने. १९३१ मध्ये त्याने देशभरातल्या पदार्थांची आणि वाइनची मार्गदर्शिका काढली. तरीही चिंक्वे तेर्रे बराच काळ आडबाजूलाच राहिलं.

१९७३ हे वळणाचं वर्ष. इथल्या वाइनला आणि शाक्केत्राला इटलीचा ‘डीओसी’ हा मूळस्थानाचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि १९८२ मध्ये मानारोलाच्या वर ग्रोप्पोला तिची स्वतःची वायनरी झाली. पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे कसणाऱ्याला स्वतः वाइन करून विकणं परवडणारं नव्हतं. सहकाराची ही गरज महाराष्ट्रातल्या वाचकाला पटकन कळेल. त्याच सुमाराची आणखी एक सोय म्हणजे मोनोरेल. उभ्या चढावर दातेरी लोखंडी रूळ टाकलेला, त्यावर घुरघुरणारं छोटं इंजिन, चालवणाऱ्यापुरती बैठक आणि मागे क्रेट ठेवायची गाडी. फोटो काढायला पर्यटक तिच्यासमोर गर्दी करतात. पण ती नसती तर वरच्या पट्ट्यांवर आज एकही वेल नसती.

त्यानंतर सगळं भराभर झालं. अमेरिकन प्रवासलेखक रिक स्टीव्हज यांनी ही गावं अमेरिकनांच्या मनात भरवली. १९९७ मध्ये युनेस्कोने हा किनारा जागतिक वारसा ठरवला, तोही निसर्ग म्हणून नव्हे तर माणसाने घडवलेला प्रदेश म्हणून. १९९९ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं, इटलीतलं सर्वांत लहान. त्याच १९९९ मध्ये इटलीने ‘वाइनच्या वाटां’साठी कायदा केला: मळे, तळघरं, खाणावळी एका पाटीखाली आणून पाहुण्यांसाठी खुल्या करायच्या. टूर आज ज्या रूपात दिसते ती या कायद्याची आणि १९८६ मध्ये शेजारच्या पिएमोंते प्रांतात सुरू झालेल्या, स्थानिक आणि निवांत खाण्याचा आग्रह धरणाऱ्या ‘स्लो फूड’ चळवळीची लेक.

मग पाहुणे फारच झाले. पाच गावांत मिळून राहणारी माणसं चार हजारांच्या आत, आणि उन्हाळ्यात गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. मळ्यातल्या कामापेक्षा खोली भाड्याने देणं केव्हाही सोपं, त्यामुळे वाइनच्या नावाने आलेल्या गर्दीने वाइन करणारी घरंही पोखरली. रिओमाज्जोरे ते मानारोला ही कड्यातून गेलेली ‘प्रेमाची वाट’ मुळात रेल्वेच्या बोगद्यांच्या कामापायी निघालेली. सप्टेंबर २०१२ मध्ये दरड कोसळून तिथे पर्यटक जखमी झाले आणि ती बंद झाली. ती पुन्हा उघडली २०२४ मध्ये, तिकीट आणि ठरावीक वेळ लावून.

त्या दरडीच्या आदल्याच वर्षी, २५ ऑक्टोबर २०११ ला, काही तासांत आभाळ फाटलं होतं. वेरनात्सा आणि मोंतेरोस्सोत डोंगरावरून दगडमातीचा लोंढा मुख्य गल्लीतून समुद्राकडे गेला. दुकानांचे तळमजले भरून गेले, माणसं दगावली. पडीक टप्प्यांवरचे, कुणी दगड परत न बसवलेले गडगे त्या लोंढ्यात होते. राष्ट्रीय उद्यानाने २०१९ मध्ये युरोपीय निधीतून मानारोलाच्या उतारावर भिंती पुन्हा रचण्याचं आणि रचायला शिकवण्याचं काम हाती घेतलं. गडगा रचता येणारी जुनी माणसं आता थोडी, आणि शिकायला येणाऱ्यांत परगावची, परदेशचीही माणसं असतात. एक जण दगड हातात घेऊन तो दोनदा फिरवतो, बसतो का पाहतो, बसला नाही तर बाजूला ठेवून दुसरा उचलतो. खाली ओसरीवर तेव्हा पेले मांडायचं काम चाललेलं असतं.